दुसरी प्रत

दूझोंगचं पान फाडलं
तरी दोन तुकडे लगेच सुटत नाहीत.
मध्ये रुपेरी तंतू ताणले जातात,
कोळिष्टकासारखे, पण चिवट.
पाच वर्षांची असताना हे मला सांगयेने दाखवलं.
प्रयोगशाळेतल्या पहिल्या दिवशी मी तेच केलं,
कुणी बघत नाही असं पाहून.

हूनानच्या पश्चिम डोंगरात, त्सलीच्या वरच्या अंगाला
आमची सदतीस झाडं.
जूनमध्ये हवा ओल्या फडक्यासारखी झाली
की सांगये साल काढते.
वर एक आडवा छेद, खाली एक,
दोन्ही जोडणारा उभा,
आणि मग बांबूची पातळ पट्टी, हळू.
उघड्या पडलेल्या चकचकीत खोडाला बोट लावायचं नाही.
लागलं तिथे काळं पडतं.
प्लास्टिक गुंडाळायचं आणि वाट बघायची.
दुसरी झाडं अशी सोलली तर बहुतेक मरतात.
हे तीनेक वर्षांत नवी साल घालून उभं.

आत कुणीतरी हुकूम देतं.
त्या हुकूम देणाऱ्यांवर माझा प्रबंध आहे.

ही प्रथिनं स्वतः साल विणत नाहीत,
तंतू ओढत नाहीत, औषध रांधत नाहीत.
मुकादमासारखी जनुकाच्या दारात उभी राहतात
आणि म्हणतात, ऊठ.
किंवा, आज नको.
त्यातल्या एका घराण्याच्या अंगावर चार अक्षरं गोंदलेली:
डब्ल्यू, आर, के, वाय.
मुठीत जस्ताचा एक अणू.
हिरव्या शैवालातही हीच अक्षरं सापडतात.
आजूबाजूचं सगळं झिजलं, बदललं,
ती पुसायला काळ सहसा धजला नाही.

या झाडाचं कूळ कधीच बुडालं.
भाऊबंद दगडांत आहेत, पार युरोपात, अमेरिकेत,
आणि म्हणतात, त्या दगडातल्या फळांतसुद्धा तंतू दिसतात.
उरलं ते हे एकटं,
कंबरदुखीवर लोकांनी उकळून प्यावं म्हणून.

केव्हातरी नक्कल उतरवताना चूक झाली.
एका ओळीच्या दोन प्रती आल्या.
पहिली जुनं काम करत राहिली.
तिला चुकायची मुभा नव्हती,
ती चुकली असती तर झाडच संपलं असतं.
दुसरीकडे कुणाचं लक्ष नव्हतं.
ती चुकत गेली.
अशा बहुतेक प्रती चुकत चुकत मुक्या होतात,
माझ्या यादीत त्यांच्यापुढे नुसती फुली आहे.
एखादीला मात्र भलतंच दार सापडतं.
ती म्हणते, ऊठ,
आणि सालीत एक कडू रस उतरतो
जो काल नव्हता.

हे मी सांगयेला फोनवर सांगत होते.
ती झाडाखाली, फोन खांदा आणि कानामध्ये दाबलेला,
पट्टीची खरखर मला ऐकू येत होती.
आम्ही जुळ्या. ती अठरा मिनिटांनी मोठी.
बाबांची कंबर गेली त्या वर्षी
झाडांसाठी एकीने थांबायचं होतं.
कोणी, हे कुणी विचारलं नाही.
ती थांबली. मी परीक्षेला गेले,
आणि पहिल्या वर्षी दोन विषयांत नापास झाले,
तर घरी कुणी अवाक्षर काढलं नाही.

खरखर थांबली.
"म्हणजे मी पहिली," ती म्हणाली.

मी म्हणाले, तसं नाही, ते प्रथिनांचं आहे,
तिथे कुणी ठरवत नाही.
"इथे तरी कुणी ठरवलं होतं?"
मग बराच वेळ दोन्हीकडे पाऊस नुसता.
मग म्हणाली, "तू मुकी नाही ना झालीस अजून?
मग येताना रुंद प्लास्टिक आण.
इथलं पहिल्याच वाऱ्यात फाटतं."

संध्याकाळी मी बाजारात गेले.
दोन मीटर रुंद, तीस मीटर लांब.
दुकानदाराने विचारलं, भाजीच्या वाफ्यावर घालायला?
सालीसाठी, मी म्हणाले.
त्याला कळलं नाही.
गुंडाळी बसमध्ये मांडीवर मावेना,
ती उभी धरून ठेवली
घर येईपर्यंत.