नमुना सही

मंगळवारी आली ती स्लिप,
पासबुकात घडी घालून, अठ्ठेचाळीस हजारांची.
आणणारा म्हणाला, बाबांना जिना उतरवत नाही.
मी कार्ड काढलं, चौऱ्याऐंशी सालचं,
कोपऱ्यात गंजल्या टाचणीचा डाग.
सही तंतोतंत.
'शां'वरचं टिंब, 'पारखे'खालची रेघ,
रेघेच्या टोकाला बारीक आकडा, मासे धरायच्या गळासारखा.

तंतोतंत, म्हणून हात थांबला.
नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला
हेच गृहस्थ बसले होते माझ्यासमोर
आणि त्यांच्या हातातला चहा
बशीत, टेबलावर, माझ्या कीबोर्डवर सांडला होता.

खातेदाराला समक्ष आणा, म्हणाले.
आणणारा परत आलाच नाही.
पासबुक माझ्याकडेच.

गुरुवारी ते एकटे आले, जेल रोडवरून रिक्षाने.
शांतवन पारखे. नोट प्रेस, तपासणी विभाग, निवृत्त.
छत्तीस वर्षं रोज संध्याकाळी फाटकावर
खिसे उलटे करून दाखवलेला माणूस.
यंत्रावर अंगठा ठेवला. अंगठा ठरेना.
जन्मतारीख विचारली. आईचं नाव विचारलं.
"सगुणा," म्हणाले, आणि जरा थांबून,
"फार वर्षांनी कुणी विचारलं."

मी म्हटलं, काका, राहू द्या, मी ओळखते तुम्हाला.
ते चिडलेच.
"ओळखीवर आम्ही कोरा कागदसुद्धा
बाहेर जाऊ दिला नाही, बाई.
विचारा. सगळं विचारा."

मग मी मंगळवारची स्लिप पुढे सरकवली.
चष्मा कपाळावर, कागद खिडकीच्या उजेडात.
कागद हलत होता. नजर नाही.
"रेघ आधी मारलीय, नाव मागून.
हा बघा 'र'चा पाय, रेघेच्या वरून गेलाय.
मी जन्मात अशी केली नाही."
मग बोट सरकत सरकत त्या गळावर आलं.
"हा मात्र," म्हणाले,
"हा मी शिकवलेला. पाटीवर. गिरवून घेतला होता."

टोकन एकशे बारा, काउंटर दोन.
कुणीतरी पंखा मोठा करायला सांगत होतं.

मॅनेजर आले. तक्रार लिहायची का? नाव काय त्याचं?
काकांनी मफलर सोडला, परत बांधला.
"स्लिप रद्द करा. नावाचं उद्या येऊन सांगतो."

नवं कार्ड. तीन चौकोन, तीन सह्या.
पहिली चौकोनातून बाहेर गेली,
दुसरीत टिंब भलत्याच अक्षरावर,
तिसरीला त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं.
रेघ शेवटी. तिन्ही वेळा.
गळ काढला नाही.

मी लाल शाईने शेरा मारला:
सही दर वेळी वेगळी येते. खातेदार समक्ष पाहावा.

उद्या म्हणाले होते. महिना होत आला.
ड्रॉवर उघडला की पहिल्यांदा तीच स्लिप हाताला लागते,
आडवी दोनदा खोडलेली,
आणि तरी किती सुबक.