मंदारचा अनुस्वार

क्रेनने आधी ‘र’ उतरवला,
मग ‘दा’. ‘म’ थोडा अडला.
फुटपाथवर आम्ही नऊ जण, आणि शहाळेवाला.
चेंदवणकर बाई खालून ओरडल्या, हळू रे,
जसं काही आत कुणी झोपलंय.

अनुस्वार तर मागेच एका वादळात पडलेला.
तेव्हापासून कुर्ल्याच्या पुलावरून वाचावं
तर स्टुडिओचं नाव नुसतं ‘मदार’.
कुणी दुरुस्त केलं नाही.
आम्हालाही खटकलं नाही,
होतीच की.

इस्माईलने याच फाटकाशी
नायिकेची सही घेतली होती उजव्या तळहातावर
आणि चार दिवस डाव्या हाताने जेवला होता.
आज तो साइट इंजिनिअरला भिडला:
नाव पुसलंत, ठीक. अक्षरं कुठे नेताय?
‘भंगारात, काका. किलोवर.’
पोरगा सभ्य होता. त्याने इस्माईलला खुर्ची दिली.

तो बिंदू माझ्याकडे आहे.
वादळानंतर गटाराशी सापडला,
पत्र्याचा, ताटाएवढा.
आईने पिंपावर झाकण म्हणून ठेवला, तो ठेवलाच.
हे आज कुणाला बोललो नाही.

घरी येऊन उचलला, पुसला,
खिडकीशी धरून पाहिला.
तेवढ्यात नळाला पाणी आलं.
पिंप भरलं,
परत ठेवला.