वडगाव, एकतीस डिसेंबर

रेणू फोनवर सांगते: आठ भाग कुट्टू, दोन भाग गहू,
पाणी थेंबाथेंबानं घाल, घाई नको.
कुट्टूचं पीठ शनिवारच्या बाजारात नव्हतंच.
वाण्यानं उपासाच्या फळीवरून काढलं,
विचारलं, आज कुठली एकादशी, वहिनी?

पोळपाटावर राखाडी गोळा.
लाटते, घडी घालते, विळी सोडून सुरी घेते.
जन्मभर साड्यांच्या घड्या घातलेले हात,
खरं एक तार दुसरीसारखी येईल तर शप्पथ.

निंगव्वाला मासळी चालत नाही,
म्हणून खानापूरच्या रानातली सुकी अळंबी
रात्रभर भिजवली.
त्या पाण्यात सोया सॉस, सुपारीएवढा गूळ.
ती शेगडीपाशी बसून म्हणते, शावगीच की ही.
मी म्हणते, शेवया.
पातेलं दोघींचं ऐकत नाही, उतू जातं.

पुढच्या खोलीत माग थांबला.
तार तुटली की हे हाक मारतात,
अगं, गाठ मारायला ये.
आज मुकाट वाटीत बघत बसले:
सगळ्या तारा वीतवीतभर तुटलेल्या.

रेणूकडं साडेबारा वाजून गेलेत,
तिचं वर्ष कधीच बदललं.
"तुटू दे की, आई. म्हणून तर आज खातात.
सरत्या वर्षाचं दुखणं असंच तुटतं म्हणे.
आणि भुरका मारा. इथं कुणी रागवत नाही."

निंगव्वानं मारला, मग ह्यांनी.
माझी बोटं अजून
त्या तुकड्यांची टोकं शोधत होती.
मग वाटीच उचलली,
उरलेलं ऊन पाणी
पिऊन टाकलं.