अकरा नंबर

आमच्या विद्येत सगळे आकडे उणे.
उणे साठ म्हणजे कानाशी बोलल्यासारखं,
उणे शंभर म्हणजे पलीकडच्या गल्लीतून हाक,
उणे एकशे वीसच्या खाली
ऐकू येते ती आपल्याच यंत्राची धाप.

वडणग्यात भूपाल चौगुल्यांच्या अडीच एकरात
आषाढात चौदा डबे पुरले.
कांडी नुकती लावलेली, सरी उघडी.
गावच्या पाण्याच्या टाकीवर माझी अँटेना,
आणि दर पंधरा मिनिटांनी चौदाही जणांची हजेरी:
ओलावा, तापमान, बॅटरी.

चौगुले बांधावर बसून म्हणाले,
"डबा म्हंतोय तरी काय, बाई?"
म्हटलं, जमिनीला तहान लागली की सांगेल.
"मग लाईटवाल्यांस्नी सांगाय लावा त्याला.
पाणी हाय, मोटर हाय,
लाईट रात्री दोनला येतीया."
हे वाक्य प्रबंधात कुठल्या प्रकरणात घालायचं
मला अजून कळलेलं नाही.

मग ऊस वाढला.

पान म्हणजे पाणी, हे पुस्तकात होतं.
पान म्हणजे भिंत, हे फडात शिरल्यावर कळलं.
दर शनिवारी टेप, वही, फुल बाह्यांचा शर्ट,
तरी मनगटावर पाचटाच्या बारीक रेघा.
पाच फूट: उणे अठ्ठ्याण्णव.
नऊ फूट: उणे एकशे तेरा.
दंव पडलं की आणखी तीन गेले.
दुसऱ्या श्रावणात अकरा नंबर गप्प झाला,
फडाच्या मधोमध, सखल जागेतला.

इंगवले सर म्हणाले, "तो वगळा, आलेख सुधारेल."
वगळला नाही.
त्याच्या जागी रेघ तोडून कोरा कागद ठेवला.
डबा मेलेला नसणार, एवढं मला माहीत होतं;
तो बोलत असणार, दर पंधरा मिनिटांनी,
आणि बोललेलं स्वतःपाशी लिहूनही ठेवत असणार.

मार्गशीर्षात टोळी आली.
मी सागरमाळावर, प्रयोगशाळेत.
सकाळी सातपासून पडद्यावर रेघा उठायला लागल्या,
एक, मग तीन, मग नऊ.
क्षणभर वाटलं, माझं काहीतरी जमलं.
मग लक्षात आलं, ऊस पडतोय.

सव्वाचारला अकरा नंबर बोलला.
उणे एकाहत्तर. खणखणीत.
ओलावा शून्य.

जमिनीत ओलावा शून्य नसतो.
साडेचार: उणे ब्याऐंशी.
पावणेपाच: उणे चौऱ्याण्णव.
पाच, सव्वापाच, साडेपाच: उणे चौऱ्याण्णव,
म्हणजे ट्रॉली फाट्यावर अडकलीय.
चौगुल्यांना फोन लावला.
"मोळीत बांदला आसंल कुणीतरी. गेला की ट्रॉलीतनं!"

कारखान्याच्या आवारात दीडशेवर ट्रॉल्या,
ट्रॅक्टरांवर वेगवेगळी गाणी, सगळी एकदम.
हातात रिसीव्हर धरून मी ओळींमधून चालले
हरवलेलं वासरू शोधावं तशी.
उणे नव्वद. उणे शहात्तर. चुकले, मागे आले.
उणे एकावन्न.
उणे अडतीस.

सतरा महिन्यांत इतकं जवळून
कुठल्याच डब्याला मी ऐकलं नव्हतं.
तळहात उसावर टेकवला. थंड होता, चिकट.
डबा आत कुठंतरी, वर दहा फूट मोळ्या.
ड्रायव्हर म्हणाला, "सोनं हाय का काय त्यात?"
म्हटलं, चार महिन्यांचं बोलणं आहे.
त्यानं माझ्याकडं बघितलं, वर उसाकडं बघितलं,
आणि खरंच चढला,
दोन मोळ्या हलवल्या, बॅटरी मारली,
तेवढ्यात मागच्यांनी हॉर्न लावले आणि ओळ सरकली.

रात्री दोनला ट्रॉली काट्यावर गेली.
वडणग्यात लाईट आली असेल तेव्हा,
आणि पाणी पाजायला शेतात काही नसेल.
काट्यावरच्या माणसानं वजन वाचलं, पावती फाडली.
सतरा टनांवर काहीतरी.
चौगुल्यांच्या बिलात
माझे दोनशे ग्रॅम जास्तीचे लागले.