तिकीट दाखवा, सूट मिळवा

मुंजे चौकात, मेट्रोच्या खांबाशी माझं चपलांचं दुकान.
खांबाची सावली दीडला येते, तीनला जाते.
बाकी दिवसभर मी आणि रबर
सारखेच तापत बसतो.

हा खांब उभा होत होता तेव्हा
तीन वर्षं दुकानापुढे पत्रे.
पत्र्याच्या फटीतून एकदा
एका बाईला डावी चप्पल दाखवली.
उजवी काढेस्तोवर ती निघून गेली.

आता वरून गाडी जाते, वेळेवर जाते,
आणि संघटनेचे आष्टनकर काचेवर स्टिकर लावून गेलेत:
मेट्रोचं, बसचं तिकीट दाखवा,
दहा टक्के सूट मिळवा.
म्हणाले, तिकिटं जमवून ठेवा,
महिनाअखेर अर्धी सूट आम्ही भरून देऊ.
मी बिस्किटाचा डबा रिकामा केला.
बिस्किटं प्रणयनं खाल्ली.

मग येऊ लागले लोक.
खापरीकडची दोन पोरं, तिकीट एक, पाय चार.
एक साहेब, मोबाइलात तिकीट शोधत घामाघूम,
सापडलं ते परवाचं.
बसचं एक, घामानं इतकं मऊ झालेलं
की उलगडताना हातात भिजला कापूस वाटला.
मे महिन्यात तिकिटाचा कागदही काळा पडतो,
कुठून कुठे ते वाचता येत नाही.
मी सूट देतो. काळ्याला काय विचारायचं?

त्या दिवशी चितार ओळीतून एक बाई आली.
नखांत पांढरी माती,
पायात एक चप्पल, दुसरी पिशवीत.
अडीचशेची निवडली. बोट लावून पाहिली,
वाकवून पाहिली, कानाशी नेऊन वाजवूनही पाहिली.

"तिकीट?" प्रणयनं विचारलं.
"पायानं आली मी."
"मग सूट नाही, मावशी. मेट्रोवाल्यालेच हाय."
ती स्टूलवर बसली आणि हिशेब करू लागली,
मोठ्यानं, आमच्यासाठी नाही, स्वतःसाठी:
"सूट पंचवीस.
याचे पंधरा, जायाचे पंधरा. तीस झाले.
म्हणजे गाडीत बसून सूट घेतली
तं पाच रुपये माह्याच अंगावर.
आन् चालत आली तं चप्पल झिजते.
चप्पल झिजते म्हणून तं आली न बावा मी!"

प्रणय हसला. मला हसता येईना.
पंचवीस वर्षं मी ज्याच्यावर जगलो
ते चालणंच होतं लोकांचं,
आणि काचेवर मी लिहून ठेवलं होतं
की बसून आलेल्यानं कमी द्यावं.

"चालत आल्याचा पुरावा?" मी उगाच म्हणालो.
तिनं पिशवीतली चप्पल काढली, उलटी केली.
टाचेशी आरपार भोक.
त्यातून मला माझाच गल्ला दिसला.
अंगठा तुटलेला, दोऱ्यानं बांधलेला,
दोऱ्यावर मूर्तीचा निळा रंग.

दोनशे पंचवीस घेतले.
जुना अंगठा कापून डब्यात टाकला.

महिनाअखेर आष्टनकर आले, डबा ओतला.
एकेचाळीस तिकिटं मोजली, त्यातली नऊ काळी,
मग दोन बोटांत ते धरून म्हणाले,
"हे काय?"
"बेचाळिसावी प्रवासी."
"नाव काय लिहू?"
"निनावे."
"नाव नाही? मग कसं चालंल?"
"नाव कौतिका. निनावे आडनाव हाय, भाऊ."
त्यांनी पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं,
वरून गाडी गेली तेवढा वेळ.
मग लिहिलं. 'कुठून' मध्ये चितार ओळ,
'वाहन' रिकामं सोडलं.

साडेबारा रुपये अजून यायचे आहेत.
संघटनेकडून येतील असं वाटत नाही.
कौतिकाबाई मात्र पोळ्याच्या आधी येऊन गेली,
चप्पल घ्यायला नाही,
टाच बघ म्हणे, कशी झिजली.