दोर ढकलत नाही

पडद्यावर विंच नाहीच.
ना ड्रम, ना दातेरी चाकं, ना ग्रीसचा वास.
एक बिंदू धक्क्यावर, एक जहाजाच्या नाकाशी,
आणि दोघांमध्ये एक स्प्रिंग,
लहान मुलानं काढलेल्या सापासारखी.

दोर गुंडाळायचा म्हणजे काय,
तर तिच्या कानात सांगत राहायचं:
तुझी मूळ लांबी आता चाळीस मीटर.
आता एकोणचाळीस सहा.
आता एकोणचाळीस दोन.
ती ऐकते. विश्वास ठेवते.
आपण आहोत तेवढं असायला नको, हे कळलं
की ओढू लागते.

मला हे समजायला आठवडा लागला
आणि समजलं त्या दिवशी पुढे काम सुचलं नाही.
सगळी ओढ एवढीच का?
असण्यातून सांगितलेलं वजा?

राउमा. नोव्हेंबर. तीनला अंधार.
खिडकीखाली बंदरात खरे विंच कुरकुरतायत
आणि मी वर बसून खोट्या समुद्रात
नऊ हजार टन ओढतेय, कॉफी पीत.

पहिल्यांदा जहाज आलं ते जरा जोरातच आलं.
दोर सैल पडला,
आणि माझ्या स्प्रिंगनं त्याला
नको असलेल्या पाहुण्यासारखं
दारातून मागं लोटलं.
जहाज समुद्राकडे निघालं, पाठमोरं, निमूट.
सॉफ्टवेअरनं एक अक्षर काढलं नाही तोंडातून.
त्याच्या हिशेबात सगळं बरोबर होतं.

रविवारी आउलिक्कीमावशीकडे गेले.
ती लेस विणत होती,
उशीवर टाचण्यांचं रान,
आणि काठावरून लोंबणाऱ्या साठ लाकडी कांड्या
एकमेकींवर टकटक आपटत.
तिला सांगितलं, दोरानं जहाज ढकललं.
ती हसली. मग हसायची थांबली
आणि एक कांडी वर उचलून धरली.
दोरा मऊ झाला, खाली झुकला, गप्प बसला.
"हा ढकलतो का कुणाला?" म्हणाली.
"वजन काढून घेतलं की हा फक्त दोरा."

सोमवारी एक ओळ लिहिली:
लांबी मूळ लांबीहून कमी, तर बल शून्य.

आता दोर सैल पडायचा तेव्हा आलेख जमिनीला टेकायचा,
दूरवर सपाट,
आणि मग एकदम
सुळका.
एकाच पायरीत शंभर पट.
यार्को मागून म्हणाला, "हा दिसायला वाईट दिसतो.
डॅम्पिंग वाढव, शहाण्यासारखा खाली बसेल."
वाढवलं.
बसला.
टेकडी झाली त्याची, गवत उगवेल अशी.

वेइयोकाका किल्ली द्यायला वर आले होते,
एकतीस वर्षं टगबोटीवर, विंचच्या दांड्याशी.
डाव्या हाताला तीन बोटं.
म्हणाले, दाखव तरी.
मी टेकडी दाखवली. त्यांनी ती पाहिली,
परक्याच्या लग्नाचा अल्बम पाहावा तशी.
मग का कोण जाणे, मी जुना आलेख उघडला.

ते बराच वेळ बोलले नाहीत.
"हा," म्हणाले, "हा भेटलाय मला."
आणि थोड्या वेळानं:
"आवाज कुठाय?"
आवाज नसतो यात, मी म्हटलं.
"तुटायच्या आधी दोर गातो.
बारीक. वर वर चढत जातो.
तेवढ्यात जो हलतो, तो हलतो."

मी पुन्हा चालवून दाखवलं.
चाळीस. एकोणचाळीस सहा.
जहाज आलं, दोर झुकला,
रेघ सपाट झाली.
आणि सुळका येण्याच्या अगदी अलीकडे
वेइयोकाका
दोन पावलं बाजूला सरकले,
दोराच्या सरळ रेषेतून बाहेर.
नंतर स्वतःशीच ओशाळले,
किल्ली टेबलावर ठेवली, टोपी घातली, गेले.

डॅम्पिंग मी काढून टाकलं.
अहवालात सुळका आहे तसा आहे.
यार्को विचारेल, तेव्हा पाहू.

खुर्ची मात्र अजून तिरकी आहे माझी.
साफसफाईवाली रोज सरळ करते.
मी रोज येऊन
थोडी बाजूला घेते.