गोळ्यांचा हिशेब

संमतीपत्र अकरा पानांचं, मराठीतलं.
चौथ्या पानावर 'यादृच्छिक' हा शब्द आला
आणि गोविंदा धकाते यांनी त्यावर बोट ठेवलं.
बोलणं बंद होतं. तोंड दीड बोट उघडायचं.
आधी बोटं घालून बघतो आम्ही, मग मिलिमीटर लिहितो.
मी म्हटलं, चिठ्ठी टाकतात ना काका, तसं.
फक्त चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो.
सुई सगळ्यांना, तीन आठवड्यांतून एकदा.
तिच्या जोडीला गोळी:
निम्म्यांना औषधाची, निम्म्यांना नुसती.
रंग एक, चव एक.
कोणाला कुठली, मला माहीत नसतं.
डॉक्टरांनाही नसतं.

त्यांनी पाटीवर लिहिलं,
एका सुतानं लुगडं होते का
आणि प्रश्नचिन्ह न देताच सही केली.

गोळीबार चौकात माग होता त्यांचा.
चाळीस वर्षं खर्रा, पन्नीत घासलेला,
रात्रपाळीला डोळा लागू नये म्हणून.
हे मी 'सवयी' या रकान्यात लिहिलं.
रकाना लहान होता.

त्याच दिवशी, त्याच बाकड्यावर
शालिक मेश्राम, उमरेडचे, खाणीत डंपर चालवायचे.
तोच आजार, तोच डावा गाल.
क्रिएटिनिन एक पूर्णांक नऊ.
दीडच्या वर आम्हाला घेता येत नाही.
"मले काऊन नाही, मॅडम?"
किडनी, मी म्हटलं.
"मी किडनीसाठी आलोच नाही."

गोळ्या पंचवीस अंशांखाली ठेवाव्यात
असं पाकिटावर छापलेलं.
छापणाऱ्यानं नागपूरचा मे पाहिलेला नसावा.
धकाते काकांनी डबी माठाच्या अंगाला ठेवली,
वरून ओलं फडकं, किनारीचं, जांभळ्या काठाचं.
दर भेटीला रिकाम्या पट्ट्या परत आणायचे.
मी मोजायची. बेचाळीस. पुन्हा बेचाळीस.
शंभर टक्के, मी लिहायची.
पट्ट्या मधोमध कापलेल्या असत.
वाटायचं, डबीत मावत नसतील.

गाठ एक्केचाळीस होती, मग अडतीस झाली.
त्या दिवशी आम्ही तर्री पोहे मागवले.
पुढल्या वेळी सत्तेचाळीस.

त्यानंतरच्या भेटीला शालिक आला.
कापलेल्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या,
त्याच्या आणि स्वतःच्या, दोन वेगळ्या रबरांत.
"सकाळची त्याची, संध्याकाळची माही.
पयल्या दिवसापासून.
मी नाही म्हनलं होतं. तो आयकते काय.
मंगळवारी गेला. गंगाबाई घाटावर नेला.
जाताना पाटीवर लिहून गेला,
मॅडम मोजतात, फेकू नको."

मी आधी ओरडले त्याच्यावर.
तुमची किडनी, अहो, जीव गेला असता.
मग फोन लावला. वरून विचारलं,
हा माणूस अभ्यासात आहे का?
नाही.
मग पाकीट उघडता येणार नाही.
आणि धकात्यांची सगळी माहिती आता
बाद धरायची की अर्धी धरायची,
ते समिती ठरवेल. फॉर्म भरा.

फॉर्ममध्ये 'उल्लंघनाचं कारण' असं आहे.
सहा पर्याय. विसर पडला. उलटी झाली.
गोळ्या हरवल्या. प्रवास. गैरसमज. इतर.
मी 'इतर'वर खूण केली
आणि पुढच्या रेघेवर पेन तसाच धरून बसले.

"खरी होती का ओ ते गोळी?"
माहीत नाही.
"तुमाले बी नाही?"
कोणालाच नाही. दोन वर्षांनी पाकिटं उघडतील, तेव्हा कळेल.

"दोन वर्सं," तो म्हणाला,
आणि उघडेल तेवढ्या तोंडानं हसला.
"थांबतो मंग."
बाकड्यावर जाऊन बसला, कूलरसमोर,
बाही वर करून.
मी रक्ताची नळी आणायला आत गेले.